डोंगरासाठी वॉटरप्रूफ बूट निवडताना: आधी वाट, मग माप, पाणी सगळ्यात शेवटी

पावसाळा तोंडावर आला की नागपुरात बर्डीपासून धरमपेठेपर्यंतच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो: "भाऊ, वॉटरप्रूफ आहे ना?" दुकानदार हो म्हणतो, खोक्यावरचा थेंबाचा शिक्का दाखवतो आणि पाच मिनिटांत बिल होतं. मग पचमढीजवळच्या नागद्वारच्या वाटेवर पहिल्याच नाल्यात बूट वरून भरतो, दिवसभर पाय त्याच पाण्यात भिजत राहतो, उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं आणि शिव्या खाते कंपनी. बहुतेक वेळा बुटात खोट नसते, निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. पाण्याचा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी वाट कोणती, पाय केवढा आणि बुटाचा तळवा कसा, हे ठरलं पाहिजे.

खरेदी निघण्याच्या किमान पाच-सहा आठवडे आधी करा. गाडी सुटायच्या आदल्या दिवशी घेतलेला बूट कितीही महाग असला तरी फोड आणणारच.

१. वाट आणि महिना कागदावर लिहा

"ट्रेकिंगसाठी जोडे हवेत" एवढ्यावर दुकानात शिरू नका. येत्या वर्षभरात कुठे आणि कोणत्या महिन्यात जाणार ते लिहून काढा. नागपूरकरांच्या यादीत साधारण चार प्रकार निघतात.

पहिला प्रकार सातपुड्यातल्या पावसाचा: नागपंचमीच्या सुमारास नागद्वार, नाहीतर पातालकोट, चिखलदरा, अंबाखोरी. हवा उबदार, पाऊस कोसळता, वाटेत नाले. इथे वॉटरप्रूफ बूट बहुतेकांना नडतो. अशा बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पाण्याचा थेंब अडवतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. पण वाफ बाहेर जाते ती बुटाच्या आत बाहेरपेक्षा जास्त ऊब आणि दमटपणा असतो म्हणून. श्रावणात पचमढीच्या जंगलात बाहेरची हवाच ओलीचिंब असते. आतबाहेरचा फरक कमी पडतो आणि वाफ आतच मुरते. शिवाय नाला गुडघाभर असला तर पाणी वरून शिरतं, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तोच ते बाहेरही जाऊ देत नाही. जाळीदार कापडाचा साधा बूट दहा-वीस पावलांत पाणी ओकून टाकतो आणि ऊन पडलं की काही तासांत सुकतो. पडद्याचा बूट दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओला असतो.

दुसरा प्रकार सह्याद्रीतल्या पावसाळ्याचा. पाण्याचं गणित सातपुड्यासारखंच, फक्त शेवाळलेला काळा बेसाल्ट जास्त बेभरवशाचा. तिथले जुने भटके वर्षानुवर्षं साधे ॲक्शन कंपनीचे जोडे घालून गड चढताना दिसतात. ते वॉटरप्रूफ नाहीत, पकड मात्र चांगली असते. त्यांचा हिशोब बरोबर आहे.

तिसरा, कोरड्या दिवसांतली चढाई. महाशिवरात्रीला चौरागडाच्या तेराशेच्या वर पायऱ्या चढायच्या असतील किंवा हिवाळ्यात गाविलगड फिरायचा असेल, तर पडद्याचे पैसे वायाच जातात. पहाटेच्या दवाला पायमोज्यांचा एक जादा जोड पुरतो.

चौथा प्रकार हिमालयाचा. केदारकंठाचा हिवाळी बर्फ, हम्प्त्याच्या बाजूची ओली कुरणं, बर्फाच्या कडेकडेने जाणाऱ्या वाटा. इथे वॉटरप्रूफ बूट हवाच. हवा थंड असल्यामुळे पडदा नीट काम करतो आणि ओला पाय ही फक्त गैरसोय राहत नाही. बर्फात भिजलेली बोटं बधिर पडतात, थंडीने कातडीला इजा होऊ शकते.

*सावधान:* "एकच बूट सगळीकडे चालेल" हा मोह बहुतेकांना पडतो. हिमालयासाठी घेतलेला घोट्यावरचा जड बूट श्रावणातल्या सातपुड्यात नेलात तर तो पायातून काढावासा वाटेल. दोन्हीकडे जायचं असेल तर पडद्याचा एक आणि जाळीचा एक असे दोन मध्यम किमतीचे जोड एका महागड्या जोडापेक्षा बरे.

*तपासा:* यादीतल्या बहुतेक वाटा पहिल्या तीन प्रकारांतल्या असतील, तर पायरी ६ वाचायची गरज नाही. बाकीच्या पायऱ्या तुम्हालाही लागू आहेत.

२. पाय घरीच मोजा, आणि दोन्ही मोजा

दुकानात "आठ नंबर" सांगून सुरुवात करू नका. तो नंबर तुमच्या ऑफिसच्या बुटाचा आहे. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या साडेसातएवढा निघतो.

संध्याकाळी, दिवसभर चालून-उभं राहून पाय थोडा फुगलेला असताना मोजा. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. डोंगरात घालणार तोच पायमोजा चढवून टाच भिंतीला लावा आणि पूर्ण वजन देऊन उभे राहा. बसून मोजलं तर माप कमी येतं. दुसऱ्या कोणाला तरी सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करायला सांगा. बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब असतं, म्हणून अंगठ्यावरच खूण करून थांबू नका. मग चवड्याची सर्वांत रुंद जागाही मोजा. सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. दोन पायांत फरक असेलच. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. लहान पायाला जाड सुकतळा देता येतो, मोठ्या पायाची बोटं कापता येत नाहीत.

रुंदीकडे जरा जास्त लक्ष द्या. चपलांत वाढलेला आपला पाय पुढून पसरट असतो, आणि परदेशी साच्यावर बेतलेले कित्येक बूट पुढे निमुळते होतात. अशा वेळी लोक रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतात. रुंदी जेमतेम जमते, लांबी मात्र जास्त होते, टाच आत सरकू लागते आणि फोड टाचेला येतात. रुंद साच्याचं मॉडेल मागा. नसेल तर कंपनी बदला, नंबर वाढवू नका.

३. दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

खरेदीलाही संध्याकाळीच जा. पायाची नखं आदल्या दिवशी सरळ कापलेली असू द्या. ट्रेकचे पायमोजे पिशवीत घ्या. ते लोकरीचे किंवा सिंथेटिक असावेत. सुती पायमोजा घाम धरून ठेवतो, ओला कापड कातडीला घासत राहतो, आणि पायातला बूट कितीही भारी असला तरी फोड त्या दीडशे रुपयांच्या पायमोज्यामुळेच येतात. डॉक्टरांनी वेगळा सुकतळा दिला असेल तर तोही न्या. आणि पाठीवरची सॅक, आत पाच-सहा किलो वजन भरून. दुकानातला पोरगा हसेल, हसू द्या. वजन पाठीवर आलं की पाय बुटात पसरतो. रिकाम्या पाठीने घेतलेलं माप डोंगरावर खोटं ठरतं.

४. माप बसतं का: इथे घाई करू नका

संपूर्ण खरेदीत सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. पाऊण तास गेला तरी हरकत नाही.

*सुकतळा बाहेर काढा.* बुटातला सुकतळा काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. टाच मागच्या काठाला बरोबर लागली असताना सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. करंगळीचा किंवा चवड्याचा भाग सुकतळ्याच्या बाहेर लोंबत असेल तर तो बूट तिथेच परत द्या. पायात घालून बघण्याचीही गरज नाही.

*बोट घालून बघा.* नाडी सैल ठेवून पाय आत सरकवा आणि बोटं पुढे टेकेपर्यंत न्या. टाचेमागे तर्जनी जेमतेम गेली पाहिजे. दोन बोटं गेली तर बूट मोठा. एकही जात नसेल तर लहान.

*टाच मागे ठोकून मग नाडी बांधा.* बहुतेक जण पाय घालतात आणि लगेच नाडी ओढतात. टाच जमिनीवर दोनदा हलकी आपटा, म्हणजे ती मागच्या कपात बसते. मग नाडी खालून वर, प्रत्येक टप्प्यावर ओढत बांधा. आता दुकानात पंधरा-वीस मिनिटं फिरा. टाच किंचित उचलली गेली तर चालेल, कडक नवा बूट थोडा वेळ तसं करतोच. पण टाच घासल्याचं स्पष्ट जाणवत असेल तर नको.

*उतार.* ही चाचणी जवळजवळ कोणी करत नाही, आणि काळ्या नखांचं मूळ इथेच असतं. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावर, नसेल तर जिन्यावर किंवा तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर, सॅक पाठीवर घेऊन जोरात खाली उतरा. पाय मुद्दाम आपटत उतरा. बोटं पुढच्या टोकाला एकदाही लागता कामा नयेत. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर आरामदायक वाटणारा बूट इथे उघडा पडतो. चौरागडावरून उतरताना हजार-बाराशे वेळा अंगठा पुढे आपटतो. जिन्यावर एकदा लागला तर डोंगरावर काय होईल याचा अंदाज बांधा.

*पायाच्या वरच्या बाजूचा दाब.* नाडीखाली, पायाच्या कमानीवर टोचल्यासारखं होत असेल तर त्या जागेपुरती नाडी तिरकी न ओवता सरळ वर नेऊन बघा. तरी टोचत असेल तर साचा तुमच्या पायाचा नाही.

या टप्प्यावर दुकानदार हमखास म्हणेल, "घ्या भाऊ, दोन दिवसांत ढिल्ला होते तो." थोडं खरं आहे. चामडं वापराने मऊ पडतं आणि रुंदीला किंचित पसरतं. पण लांबी कधीच वाढत नाही. शिवाय वॉटरप्रूफ बुटात आतला पडदा शिवलेल्या मोज्यासारखा बसवलेला असतो, तो फारसा ताणत नाही. आज बोटांना लागतो तो बूट पुढच्या वर्षीही लागेल.

*तपासा:* दोन्ही बूट घालून या सगळ्या चाचण्या केल्यात ना? एकच बूट घालून बघणारे निम्मे तरी असतात.

५. तळवा: पाण्यात खरा सांभाळणारा

ओल्या डोंगरात माणूस पडतो तो बुटात पाणी गेल्यामुळे नाही, बूट घसरल्यामुळे. म्हणून पडद्याआधी बूट उलटा करा.

रबरावर अंगठ्याचं नख दाबा. किंचित रुतून पुन्हा सरळ होणारं रबर ओल्या दगडावर जास्त धरतं, पण लवकर झिजतं. नख अजिबात रुतत नाही असं प्लॅस्टिकसारखं टणक रबर पाच वर्षं टिकेल आणि ओल्या बेसाल्टवर पहिल्याच दिवशी पाडेल. डांबरी रस्त्यावर फिरायला म्हणून ट्रेकचे बूट वापरू नका, हे यासाठीच सांगतात. मऊ रबर तिथे फुकट झिजतं.

आता दाते बघा. चिखलासाठी चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून दूर असलेले दाते हवेत. आपली काळी माती जवळजवळच्या दात्यांत अशी बसते की शंभर पावलांत तळवा सपाट होतो आणि प्रत्येक पायाखाली एकेक किलो चिखल घेऊन चालावं लागतं. खडकासाठी मात्र बोटांखाली थोडा सपाट रबरी भाग असलेला बरा, कारण दगडाला जितकं रबर टेकेल तितकी पकड. टाचेच्या पुढच्या काठाला स्पष्ट पायरी असावी. उतारावर मातीत तोच काठ रुततो.

मग बूट हातात धरून वाकवा. तो चवड्याजवळ, बोटं जिथे वळतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध, कमानीखाली वाकत असेल तर टोकदार दगडांवर तळपाय दिवसभर दुखेल. पुढचं टोक आणि टाच दोन हातांत धरून कपडा पिळतात तसा पिळून बघा. थोडा पीळ बसावा, सहज गुंडाळला जाऊ नये. टाचेचा कप दोन्ही बाजूंनी दाबा, तो कडक असावा. पुढच्या टोकाला जाड रबराचं आवरण हवं, ते ठेचांपासून वाचवतं आणि शिवणीही झाकतं.

*सावधान:* शेवाळलेल्या दगडावर कोणताही तळवा भरवशाने धरत नाही, तळव्यावर व्हायब्रम या नावाजलेल्या रबराचा पिवळा शिक्का असला तरी. पचमढीच्या बाजूचा वालुकाश्म कोरडा असताना खरखरीत असतो, पावसात त्यावर हिरवी साय चढली की तोच घसरगुंडी होतो. ओल्या लोखंडी शिडीवर तर पाऊल आडवं, तळव्याच्या मध्यावर ठेवायचं आणि भार हातांवर घ्यायचा. बुटाकडून तिथे अपेक्षा ठेवू नका.

६. आता पाणी

इथपर्यंत दोन-तीनच जोड उरले असतील. त्यांच्यापैकी खरा वॉटरप्रूफ कोणता, ते आता बघायचं.

खोक्यावरचे शब्द नीट वाचा. "वॉटर रेझिस्टंट" किंवा "वॉटर रिपेलंट" म्हणजे बाहेरच्या कापडावर पाणी न शोषणारा थर आहे, एवढंच. रिमझिम पावसात तो अर्धा-पाऊण तास टिकेल. "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असेल तर आत पडदा आहे का आणि कोणता, हे विचारा. गोअर-टेक्स हा सर्वांत माहितीतला. डेकॅथलॉनच्या केचुआसारखे ब्रँड स्वतःचे पडदे वापरतात आणि ते स्वस्त पडतात. पडद्याच्या नावावरून फार वाद घालण्यात अर्थ नाही. बुटाची शिवण आणि जीभ कशी आहे त्यावर जास्त अवलंबून असतं.

जीभ म्हणजे नाडीखालचा पट्टा. तो दोन्ही बाजूंनी बुटाला किती उंचीपर्यंत जोडलेला आहे ते बोट घालून बघा. ही जोडणी जिथे संपते तिथपर्यंतच तुमचा बूट वॉटरप्रूफ. घोट्यावर येणारा बूट घेतला आणि जोडणी मध्येच संपली, तर वरच्या उंचीचा पाण्यासाठी काही उपयोग नाही. बुटाच्या बाहेरून जितक्या कमी शिवणी तितकं बरं, विशेषतः चवड्याच्या बाजूला. तिथे प्रत्येक पावलाला घडी पडते आणि पडदा आधी तिथेच फाटतो.

उंची किती घ्यावी? बर्फ किंवा ओलं गवत असेल तर घोट्यावरचा. दगड लागण्यापासूनही घोटा वाचतो. उंच बुटाने घोटा मुरगळत नाही, या समजुतीवर मात्र फार विसंबू नका. पायाचे स्नायू आणि नीट बांधलेली नाडी त्यापेक्षा जास्त कामाची.

*घरची चाचणी.* बूट परत करता येतो का, ओला झाल्यावरही येतो का, हे बिलाआधी विचारून घ्या. घरी कपड्यांचा टब घ्या (कणकेची परात नको, दुसरं भांडण उभं राहील). बुटात कोरडे वर्तमानपत्राचे कागद भरा, वर एखादा दगड ठेवा आणि जिभेच्या जोडणीच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी येईल असा बूट अर्धा तास ठेवा. नुसता ठेवून भागत नाही. नंतर पायात घालून त्याच पाण्यात चवड्यावर दहा-वीस वेळा उभे राहा, कारण गळती घडी पडल्यावर दिसते. कागद कुठे ओला झाला ते बघा.

*तपासा, घाम की गळती:* सगळा पायमोजा सारखाच दमट आणि कोमट असेल तर तो घाम. एकाच जागी, बहुधा करंगळीजवळ किंवा अंगठ्याच्या घडीवर, थंडगार ओलावा असेल तर ती गळती. घामाला गळती समजून चांगले बूट परत करणारे पुष्कळ भेटतात.

७. बिल करण्याआधी दोन मिनिटं

खोक्यावर एमआरपीशेजारी उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तीन-चार वर्षं जुना माल सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळाला तरी सोडून द्या. तळव्याच्या वरचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असेल तर तो उष्णता आणि दमटपणाने आतून कुजत जातो, न वापरताही. असा बूट दुकानात नवाकोरा दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोंगरावर बिस्किटासारखा तुटतो. ऑनलाइन मागवताना नंबराऐवजी सेंटिमीटरचा तक्ता बघा, पायरी २ मधलं माप तिथे लावा, आणि पार्सल आल्यावर सगळ्या चाचण्या घरातल्या फरशीवरच करा. बाहेर पाऊल टाकलं की परतीचा दरवाजा बंद.

८. पायाला सवय लावा

पहिले तीन-चार दिवस घरातच, रोज तासभर. मग सकाळी फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्सची फेरी. नंतर एखाद्या रविवारी रामटेक: अंबाळ्याच्या बाजूने गडाच्या पायऱ्या सॅक घेऊन चढा-उतरा, जमल्यास दोनदा. तिथे जे टोचत नाही ते पुढेही टोचणार नाही. एखाद्या जागी गरम वाटू लागलं की तिथेच थांबून त्या जागी कापडी चिकटपट्टी लावा. गरम वाटणं म्हणजे फोडाची पहिली सूचना, आणि "गडावर पोचल्यावर बघू" म्हणणाऱ्याचा फोड तोवर फुटलेला असतो.

नाडी बांधायची पद्धतही इथेच हातात बसवा. चढताना घोट्याजवळ थोडी सैल, म्हणजे पाय पुढे वाकतो. उतरण्याआधी थांबा, टाच मागे ठोका आणि घोट्याच्या वळणावर नाडीला एकाऐवजी दोन वेढे देऊन घट्ट ओढा. त्या दोन वेढ्यांमुळे खालची नाडी सरकत नाही आणि बोटं पुढे जात नाहीत. उताराआधी एक मिनिट थांबायचा कंटाळा हे नखं जाण्याचं दुसरं कारण. पहिलं पायरी ४ मध्ये सांगितलंच.

*सावधान:* नाला ओलांडताना पाणी घोट्याच्या वर असेल तर वॉटरप्रूफ बूट काढून सॅकला बांधा आणि पट्ट्याचे सँडल घालून पार व्हा. अनवाणी जाऊ नका, तळाचे दगड दिसत नाहीत. पुराचं गढूळ पाणी असेल तर बुटाचा विचार सोडा आणि काठावर थांबा.

९. ट्रेक संपल्यावर: बूट इथे मरतात

चिखल ओला असतानाच साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा. धुण्याची पावडर वापरू नका. तिचा अंश कापडावर राहतो आणि त्यावर पाणी पसरू लागतं. मशीनमध्ये तर मुळीच नको. नाडी आणि सुकतळा वेगळे काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ते दर दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. शेकोटीजवळ, चुलीजवळ किंवा गच्चीवरच्या उन्हात ठेवलात तर आधी तळव्याचा गोंद सुटतो, मग चामडं तडकतं. कडूतेल किंवा खोबरेल चोळण्याची जुनी सवयही सोडा. चामडं ढिलं पडतं आणि तेल शिवणीतून गोंदापर्यंत उतरतं. चामड्यासाठी मेणाचं क्रीम मिळतं.

बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब मणी होऊन घरंगळत असतील तर सगळं ठीक. पाणी पसरून कापड गडद होत असेल तर वरचा थर गेला. पडदा शाबूत असतो, पण ओलं कापड त्यावर चिकटून बसतं, वाफ अडते आणि आतून पाय ओला होतो. लोक म्हणतात बूट गळतो. स्वच्छ धुऊन वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारला की बहुतेक वेळा काम होतं. प्रत्येक मोसमाच्या आधी एकदा मारा.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की टिनाखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. तिथे ठेवलेल्या बुटाचा गोंद एका उन्हाळ्यात जातो. बूट पूर्ण सुकवून, कागद भरून, घरातल्या सर्वांत थंड खोलीत पलंगाखाली ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका.

तळवा कडेने सुटू लागला तर कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे जायला हरकत नाही, पण आधी सांगा: "काका, टाका मारू नका, फक्त चिकटवा." सवयीने ते तळव्याभोवती पक्की शिवण घालतात. साध्या बुटाला ती उत्तम, वॉटरप्रूफ बुटात मात्र टोच्याचं प्रत्येक भोक पडद्यातून आरपार जातं. जुना गोंद खरवडून, दोन्ही बाजू पूर्ण कोरड्या करून, चांगला गोंद लावून रात्रभर दाबाखाली ठेवलं तर तळवा पुन्हा बसतो. डोंगरात असताना सुटला तर नायलॉनची दोरी किंवा प्लॅस्टिकचे पट्टे गुंडाळून खालपर्यंत येता येतं. पाच-सहा पट्टे सॅकच्या वरच्या कप्प्यात कायम असू द्या.

निघण्याच्या आठवडाभर आधी बूट काढून तळवा दोन्ही हातांनी वाकवा, कडा ओढून बघा, मधल्या थरावर नख दाबा. भुगा निघाला किंवा कडेला फट दिसली तर तो जोड नेऊ नका. चवड्याखालचे दाते सपाट झाले असतील तरीही नाही. असा जोड सेमिनरी हिल्सच्या सकाळच्या फेरीला आणखी वर्षभर चालेल.